पॅलिओ डाएट आणि वऱ्हाडातलं पेव

"सध्या डाएटचं नुसतं पेव फुटलंय" असं आपण सहज म्हणून जातो. पण पेव म्हणजे काय असं विचारलं तर आमच्या हापिसातले दहापैकी नऊ जण एकमेकांकडे बघतील. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडब्याचं अस्तर. त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हवा आत जात नाही, त्यामुळे किडा लागत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही. आत साचलेल्या वायूनं माणूस गुदमरून जातो. वऱ्हाडातल्या जुन्या गावांत असं पेव म्हणजे गावाचा बॅकअप सर्व्हर होता. एक वर्ष पाऊस फिरला तरी सिस्टीम डाऊन होत नसे.

तर मंडळी, आजकाल फुटलेल्या पेवांपैकी एक म्हणजे पॅलिओ डाएट. ज्यांच्या कानावर अजून आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेती सुरू होण्याआधी, म्हणजे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस जे खात होता तेच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, सुकामेवा चालेल. धान्य, डाळी, दूध आणि साखर बंद. युक्तिवाद असा की आपलं शरीर लाखो वर्षं त्या अन्नावर घडलं, शेती ही कालची गोष्ट आहे आणि शरीराचं व्हर्जन अजून अपडेट झालेलं नाही. वॉल्टर फोगटलिन नावाच्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञानं १९७५ साली यावर पुस्तक लिहिलं. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लेख लिहिला आणि कल्पनेला वजन आलं. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांचं 'द पॅलिओ डाएट' आलं आणि मग ती जिमपर्यंत आणि तिथून आमच्या क्युबिकलपर्यंत येऊन पोचली.

आमच्या टीममधले दोघं हे डाएट करतात. दोघांच्या तक्रारी त्याच. एक, महाग पडतं. दोन, तेच ते खाऊन कंटाळा येतो. चिकन, अंडी, ब्रोकोली. दुसऱ्या दिवशी अंडी, ब्रोकोली, चिकन. फरक म्हणून बदामाच्या पिठाचा पॅनकेक किंवा अवाकाडो, आणि मग बिल बघून पुन्हा चिकन.

मी मूळचा मूर्तिजापूरचा. मुंबई-हावडा लाइनवर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये लागतं ते स्टेशन. फोनवर आजीला एकदा हे डाएट समजावून सांगत होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जवारी नाही, तुरीची दाय नाही, दूध नाही? मंग काय गोटे खातेत का बापा ते?"

अश्मयुग म्हटल्यावर गोटे आलेच म्हणा. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं की आजीच्या प्रश्नात दम आहे. स्वस्त आणि नाना तऱ्हेचं खाणं हा प्रश्न ताटाचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे. वावरात किती गोष्टी उगवतात आणि गोरगरिबाच्या हाताला त्यातल्या किती लागतात, यावर तो ठरतो. आमच्या वऱ्हाडाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बघितला तर हे फार स्वच्छ दिसतं. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी त्या आदिमानवाचं बघू. तो धान्य खातच नव्हता का? २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात ज्युलिओ मर्काडेर यांचा एक शोधनिबंध आला. मोझांबिकमधल्या न्गालुए नावाच्या गुहेत सापडलेल्या दगडी हत्यारांवर त्यांना पिष्टाचे कण सापडले. हत्यारं सुमारे एक लाख वर्षं जुनी. आणि त्यातले बरेचसे कण कशाचे, तर रानटी ज्वारीचे! काही तज्ज्ञांना हे पटत नाही. गवत अंथरायला आणलं असेल, तेवढ्यावरून ते खात होते असं कसं म्हणता, असा त्यांचा आक्षेप आहे. तो योग्यच आहे. पण जॉर्डनमधल्या शुबायका इथे २०१८ साली जळक्या पावाचे तुकडे सापडल्याचं जाहीर झालं, ते सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस रानातलं धान्य दळून भाजत होता.

दुसरं, आदिमानव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भाला घेतलेला गडी येतो. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात कालाहारी वाळवंटातल्या शिकारी-संग्राहक लोकांबरोबर राहून कोण काय आणतं आणि किती खातं याचा हिशोब ठेवला. निष्कर्ष असा निघाला की पोट भरत होतं ते मुख्यतः बायकांनी वेचून आणलेल्या फळबिया, कंद आणि पाल्यावर. शिकार मिळाली तर सण, नाही मिळाली तरी चूल पेटायची. हे 'वेचून आणणं' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तिसरं, शरीराचं व्हर्जन अपडेट झालंच नाही हेही खरं नाही. पिष्ट पचवणारं लाळेतलं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. ज्या समाजांत पिष्टमय खाणं जास्त, तिथल्या लोकांत त्या सरासरीनं जास्त आढळतात, असं २००७ साली जॉर्ज पेरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. थोडक्यात, पॅच येत राहिले आहेत.

ज्वारी मुळची आफ्रिकेची. सुदानच्या बाजूला सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसानं ती पेरायला घेतली आणि पुढे समुद्रामार्गे ती भारतात आली. वऱ्हाडात शेतीही जुनी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढी इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९८४-८५ साली उत्खनन केलं, तिथे ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. म्हणजे आमच्याकडे निव्वळ शिकारीवर जगणारा काळ फार मागे पडलाय.

पण शिकारी मागे पडले नव्हते. अकोला, अमरावती, वाशिम या पट्ट्यात फासेपारधी समाज आजही आहे. फासे लावून तितर, बटेर, ससे, हरणं पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. गवताळ रानं, ज्यांना सरकारी कागदावर 'पडीक' म्हणतात, ती त्यांची कर्मभूमी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या आसपास महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी शिकार जणू वाटून घेतली होती, असं त्यांना दिसलं. फासेपारध्यांकडे फाशानं पकडायची हरणं आणि पक्षी, वैदूंकडे मुंगसासारखे छोटे प्राणी, नंदीवाल्यांकडे कुत्र्यांच्या मदतीनं रानडुक्कर. कोणी कोणाच्या वाट्याला जायचं नाही, म्हणून रान संपत नसे. आणि हे लोकही नुसत्या मांसावर जगत नव्हते. शिकार गावात द्यायची आणि गावातून ज्वारी घ्यायची, असा व्यवहार होता. खराखुरा 'पॅलिओ' माणूससुद्धा आमच्याकडे भाकर खात होता!

या लोकांचं काय झालं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि त्याखाली पारध्यांसारख्या भटक्या समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसत गेला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याची गरज होतीच, कारण हरणं आणि माळढोक संपत चालले होते. पण त्या एका कायद्यानं फासेपारध्याच्या हातातलं कसब गुन्हा ठरलं आणि त्याच्या ताटात दुसरं काय येणार याची सोय कोणी केली नाही. शहरात पॅलिओ ही लाइफस्टाइल आणि मूर्तिजापूरच्या आसपासच्या बेड्यावर तीच एफआयआर, असा हा प्रकार आहे. असो.

आता शेतकऱ्याच्या ताटाकडे येऊ. मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी, खोल, कसदार. पण विहिरीचं पाणी खारट. ओलीत करायचं म्हटलं तर जमीन बिघडते. त्यामुळे जे काही पिकायचं ते पावसाच्या पाण्यावर आणि जमिनीच्या ओलीवर. अशा ठिकाणी एकाच पिकावर डाव लावणं म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हरवर टेस्टिंग करण्यासारखं. म्हणून जुना शेतकरी मिश्र पेरणी करायचा. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद. कापसात तुरीच्या ओळी. धुऱ्यावर अंबाडी आणि तीळ. मध्येच वाळकाचा वेल. (धुरा म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला बांध.) पाऊस लवकर गेला तर मूग हाती लागायचा, उशिरा आला तर तूर. सगळंच जाईल असं वर्ष क्वचित यायचं.

आणि यावर एक बोनस होता, जो कुठल्याच सातबारावर चढला नाही. पावसाळ्यात बाया निंदणाला जायच्या. निंदणात निघणारं सगळंच तण फेकायचं नसतं. तरोटा (पुण्यामुंबईकडचा टाकळा), घोळ, चिवळ, कुंजर, अंबाडीचा कोवळा पाला हे सगळं ओट्यात यायचं आणि संध्याकाळी चुलीवर चढायचं. धुऱ्याच्या काट्यांत कटुर्ले. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं. हिवाळ्यात बोरं, तुरीचे सोले, हरभऱ्याचा पाला, हुरडा. उन्हाळ्यात कवठ, चिंच, शेवग्याच्या शेंगा. हरभऱ्याचा पाला वाळवून डब्यात भरला की तो उन्हाळाभर पुरायचा, कारण खारपाणपट्ट्यात चैत्र-वैशाखात हिरवी भाजी पिकवायला गोडं पाणी कुठलं?

आठवतंय ना, कालाहारीतल्या बायकांचं 'वेचून आणणं'? हे तेच. शेती आली तरी वेचणं संपलं नव्हतं, ते शेतीच्या पोटात शिरून बसलं होतं. खरा पॅलिओ तिथे होता, मटणाच्या हंडीत नव्हता. बाराही महिने ताट बदलत राहायचं आणि त्यासाठी गाठीचा पैसा फारसा लागत नसे. अर्थात मेहनत लागायची, आणि ती बाईची.

म्हणजे तेव्हा सगळं छान होतं असं मला म्हणायचं नाही. दुष्काळ होते, जात होती, सालदाराच्या वाट्याला वर्षभर राबूनही जेमतेम पोटापुरती ज्वारी यायची आणि गावाचं पेव सगळ्यांसाठी सारखं उघडत नसे. मुद्दा एवढाच की ताटात वैविध्य होतं आणि ते गरिबालाही परवडत होतं. ते कसं गेलं, हा खरा इतिहास.

पहिला घाव कापसाचा. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना आणि गिरणीवाल्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असं करत नागपूरला पोचली. पुढे १९१० च्या दशकात यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही छोटी लाइन आली, आपली लाडकी शकुंतला. आत्ता आत्तापर्यंत लोक तिच्यात बसून लग्नाला जायचे आणि १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. गेली काही वर्षं ती बंद आहे. आम्हा मूर्तिजापूरकरांना तिच्याबद्दल फार प्रेम. पण ती आली माणसांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या लाइनवर चढायच्या आणि मुंबईमार्गे परदेशी जायच्या.

कापसाचा पैसा रोख आणि पटकन मिळतो. मग ज्वारीखालची जमीन कापसाखाली जाऊ लागली. पूर्वी ज्वारी विकायला दूरचा बाजार नव्हता म्हणून ती पेवात पडून राहायची. आता रेल्वेमुळे ज्वारीलाही लांबचं गिऱ्हाईक मिळालं. पेव भरून ठेवण्यापेक्षा विकणं शहाणपणाचं ठरलं. इकॉनॉमिक्सच्या दृष्टीनं एकदम बरोबर. फक्त बॅकअप गेला.

आणि मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. रेल्वेनं धान्य येऊ शकत होतं, आलंही. पण ज्याच्या हाताला काम नाही आणि खिशात पैसा नाही त्याला त्या धान्याचा काय उपयोग? अमर्त्य सेन यांनी १९८१ साली 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स'मध्ये हेच मांडलं: बाजारात अन्न असूनही लोक उपाशी मरतात, कारण ते मिळवण्याचा हक्क त्यांच्याकडे उरलेला नसतो. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडात सुमारे २८.९७ लाख माणसं होती. १९०१ साली २७.५४ लाख. वाढायच्या ऐवजी दहा वर्षांत दीड लाखाच्या आसपास माणसं कमी झाली. हिंदुस्थानातल्या सगळ्यात श्रीमंत कापूसपट्ट्यांपैकी एकात!

याच काळात मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी मामाच्या घरी एक मुलगा वाढत होता. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. वडील दारूपायी गेले म्हणून आई त्याला घेऊन माहेरी आली होती. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली आणि ते घर उद्ध्वस्त होताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यानं रीतीप्रमाणे मटण आणि दारू न देता गोडाचं जेवण दिलं, अशी गोष्ट आमच्याकडे घराघरांत सांगतात. मी लहानपणी ही गोष्ट निव्वळ अहिंसेची म्हणून ऐकली. पण सावकाराच्या वहीसकट वाचली तर तिचा दुसरा अर्थ लागतो. गरिबाच्या घरात मांस रोजचं नव्हतं. ते नवसाचं, बारशाचं, लग्नाचं होतं, आणि एका पंगतीपायी वर्षाचं कर्ज होत होतं. बाबा आयुष्यभर गाडग्यात भाकर-कालवण खाऊन फिरले आणि कर्ज काढून सण करू नका हे सांगत राहिले. ऐपतीबाहेरचं प्रोटीन हा विषय त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळला होता, असं मला वाटतं.

दुसरा घाव चांगल्या हेतूनं बसला. देशात धान्याची टंचाई होती आणि १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढलं, हे मान्य करायलाच हवं. पण जुनी खरिपाची ज्वारी पाऊस संपल्यावर फुलोऱ्यात यायची, ही नवी मात्र शंभरेक दिवसांत, परतीच्या पावसातच तयार व्हायची. भिजून दाणे काळे पडायचे. ताट बुटकं, म्हणून कडबाही कमी. काळ्या ज्वारीला भाव नाही, भाकरीला चव नाही. त्यात १९७२ चा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेतून लाल मिलो आला. घरातली म्हातारी माणसं अजून 'मिलो' म्हटलं की तोंड वाकडं करतात. गंमत म्हणजे मिलो ही ज्वारीच! आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली आणि तिकडे जनावरांना घालायची. ज्वारीच्या मुलखानं परक्या ज्वारीसाठी रांग लावली. या सगळ्यातून ज्वारी म्हणजे गरिबीचं खाणं आणि गव्हाची पोळी म्हणजे प्रगती, हे डोक्यात पक्कं बसलं.

तिसरा घाव १९९० नंतर सोयाबीनचा. शंभर दिवसांत पैसा, काढणी सोपी, रानडुकरांचा त्रास ज्वारीपेक्षा कमी. आज महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांच्या वर सोयाबीन आहे आणि आमच्याकडे खरिपाची ज्वारी शोधावी लागते. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, पण ते आपण डाळीसारखं शिजवून खात नाही. ते तेलगिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांना. म्हणजे मूग-उडीद गेले, त्यांच्या जागी सोयाबीन आलं, त्याची पेंड ब्रॉयलर कोंबडीनं खाल्ली आणि ती कोंबडी तुमच्या पॅलिओ डब्यात आली. रूट बघा किती लांबचा!

आणि सोयाबीनबरोबर आलं तणनाशक. मजूर मिळत नाही, मजुरी परवडत नाही, शेतकऱ्याचा नाइलाज आहे. मी त्याला दोष देणार नाही. पण एका फवाऱ्यात तरोटा, घोळ, चिवळ, कुंजर सगळं साफ. निंदणाची मजुरी गेली आणि ओट्यातली भाजीही. जी भाजी फुकट होती ती आता मूर्तिजापूरच्या बाजारात जुडीनं विकत मिळते, तीही पावसाळ्यातले काही दिवस. मजुरी करणाऱ्या बाईचं हे दुहेरी नुकसान कोणत्याच जीडीपीत दिसत नाही, कारण त्या भाजीची किंमत कधी कोणी मोजलीच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, आम्ही रात्री जेवायचं काय ते सांग. सांगतो.

कडक पॅलिओच करायचं असेल, तर बदामाचं पीठ आणि अवाकाडो विसरा. प्रथिनांसाठी रोजचा आधार अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्याहून स्वस्त मांसाहार शोधून सापडणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा कोंबडी किंवा बाजारात त्या दिवशी स्वस्त असलेली नदीची मासोळी. पोट भरायला रताळं आणि सुरण. चवीला आणि चांगल्या चरबीला जवस आणि तीळ. शेंगदाणा मात्र नियमानं बाद, कारण तो डाळवर्गीय. आणि वैविध्यासाठी एकच नियम पुरेसा आहे: दर आठवड्याला एक अशी भाजी आणायची जी गेल्या आठवड्यात आणली नव्हती. मंडईत मोठ्या गाळ्यावर न जाता, कोपऱ्यात फडकं अंथरून बसलेल्या मावशींकडे जा. त्यांच्याकडे पाच-सहाच जुड्या असतात, पण त्या हंगामाच्या असतात. पावसाळ्यात टाकळा, घोळ, अंबाडी, करटोली; हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, आवळा, बोरं; उन्हाळ्यात शेवगा, कैरी, कवठ. आमच्याकडे वांगी तर बारमाही, आणि भरताला ना धान्य लागतं ना डाळ. शेवग्याचा पाला शहरात लोक चक्क फेकून देतात, तो मागून घ्या.

पण शाकाहारी असाल किंवा खिसा बेतानंच उघडत असाल, तर कडक पॅलिओचा हट्ट सोडा असं माझं प्रामाणिक मत आहे. (मधुमेह वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारा, ब्लॉगवाल्याला नाही.) त्या डाएटमधलं खरं सोनं म्हणजे साखर आणि मैदा बंद, कारखान्यात बनवलेलं खाणं बंद, हंगामाप्रमाणे ताट बदलतं आणि पालेभाजी भरपूर. हे सगळं ठेवा. ज्वारी आणि डाळ परत आणा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता, म्हणजे किलोला ३४ रुपयांच्या आत. किराणा दुकानात अर्थातच जास्त पडतो, पण बदामाच्या पिठाशी तुलना तुम्हीच करा. कळण्याची भाकर (ज्वारीत उडीद घालून दळलेली), अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, सोबत उकडलेलं अंडं. हे जेवण पॅलिओच्या यादीत बसत नाही. पण ज्या कारणासाठी पॅलिओ करायचं, त्यातली बहुतेक कारणं याच ताटात बसतात.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि त्यानंतर मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पफ दिसायला लागले. साखर घातलेली ज्वारी, चकचकीत पाकिटात, भाकरीच्या कितीतरी पट किमतीला. त्याचा मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला फारसा उपयोग नाही. उपयोग होईल तो तुम्ही-आम्ही महिन्याला पाच-दहा किलो ज्वारी, थोडे उडीद, थोडे मूग, थोडं जवस नेमानं विकत घ्यायला लागलो तर. वावरात मिश्र पीक तेव्हाच परत येतं जेव्हा त्यातल्या प्रत्येक पिकाला गिऱ्हाईक असतं. आणि मिश्र पिकात सरसकट तणनाशक मारता येत नाही, कारण एकाचं औषध दुसऱ्याला मारतं. म्हणजे निंदण आलं, निंदणाला बाया आल्या, आणि ओट्यात तरोटा आला.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजीकडून पालेभाज्यांची नावं वहीत उतरवून घेतली. एकवीस भरली. त्यातल्या नऊ मी कधी पाहिल्याही नाहीत आणि चार तिनंही बऱ्याच वर्षांत पाहिलेल्या नाहीत. तुमच्याही गावाकडे अशी कोणी आजी, मावशी, काकू असेल तर या महिन्यातच विचारून घ्या.